यूएसबी हेडफोन अँप घरी बनवताना: कोणता भाग आधी निवडायचा, कोणता शेवटी

पहिला हेडफोन अँप (अँप्लिफायर) बनवायला निघालेला माणूस बहुतेक वेळा ऑपअँपपासून, म्हणजे सिग्नल मोठा करणाऱ्या चिपपासून, सुरुवात करतो. ‘ओपीए २१३४ घेऊ की एनई ५५३२?’ यावर आठवडाभर काथ्याकूट होतो, महागडी चिप मागवली जाते, आणि मग कळतं की तिला हवं तेवढं व्होल्टेज यूएसबीतून मिळतच नाही. किंवा मिळतं, पण डॅक (यूएसबीतून आलेल्या आकड्यांचा ऑडिओ सिग्नल करणारी चिप) जोडल्याबरोबर लॅपटॉपचं पोर्टच बंद पडतं.

म्हणून क्रम उलटा धरा. आधी तुमचा हेडफोन, त्यावरून लागणारं व्होल्टेज, त्यावरून वीज कशी घ्यायची ते, मग डॅक, मग गेन (सिग्नल किती पट करायचा) आणि पॉट (आवाजाचा नॉब). या सगळ्यातून जो ऑपअँप उरेल तो घ्या. तोपर्यंत यादी इतकी लहान झालेली असते की भांडायला काही उरत नाही.

हे पैसे वाचवण्यासाठी करत असाल तर थांबा. दुकानात मिळणारा बरा यूएसबी-सी डोंगल, म्हणजे फोनला लावायचा तयार चिमुकला डॅक-अँप, मोजमापात तुमच्या पहिल्या अँपला सहज मागे टाकेल, तेही कमी खर्चात. घरचा अँप बनवावा तो हाताशी खरा नॉब हवा म्हणून, डोंगलला न झेपणारा हेडफोन वाजवायचा म्हणून, किंवा बिघडला तर उघडून दुरुस्त करता यावा म्हणून. पुढचं सगळं मल्टिमीटर वापरता येणाऱ्या आणि सोल्डरिंग थोडंफार जमणाऱ्या माणसासाठी आहे.

१. हेडफोनचे दोन आकडे शोधा

खोक्यावर किंवा कंपनीच्या पानावर दोन आकडे असतात: इम्पीडन्स ओहममध्ये आणि सेन्सिटिव्हिटी डेसिबलमध्ये. दुसरा आकडा नीट वाचा. काही कंपन्या तो एका मिलिवॅटला देतात, काही एका व्होल्टला, आणि दोन्ही आकडे थेट ताडून पाहता येत नाहीत. ३२ ओहमच्या हेडफोनला मिलिवॅटच्या आकड्यात १५ मिळवले की व्होल्टचा आकडा येतो. २५० ओहमला साधारण ६ मिळवायचे. म्हणजे ‘१०० डेसिबल प्रति मिलिवॅट’ आणि ‘११५ डेसिबल प्रति व्होल्ट’ हे ३२ ओहमचे दोन हेडफोन एकसारखेच संवेदनशील आहेत.

आता लक्ष्य ठरवा. मी ११० डेसिबलचं शिखर धरतो. हे ऐकायच्या पातळीचं माप नाही. ८५ डेसिबलला रोज आठ तास ही अमेरिकेतल्या ‘नायोश’ या कामगार-आरोग्य संस्थेने कामगारांसाठी सुचवलेली मर्यादा आहे, आणि त्यापुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. ११० धरायचं ते ढोलकीची थाप किंवा तबल्याचा चाटीचा बोल अचानक उसळतो त्या क्षणापुरतं.

साधा, १०० डेसिबल प्रति मिलिवॅटचा ३२ ओहमचा इयरफोन घ्या. ११० डेसिबलला त्याला १० मिलिवॅट लागतात, म्हणजे ०.५७ व्होल्ट आणि १८ मिलिअँपिअर. यूएसबीच्या ५ व्होल्टमध्ये हे आरामात बसतं.

बेयरडायनॅमिकच्या डीटी ७७० प्रोची २५० ओहमची आवृत्ती किंवा त्या जातीचा ९६ डेसिबल प्रति मिलिवॅटचा हेडफोन घेतला तर २५ मिलिवॅट लागतात. करंट फक्त १० मिलिअँपिअर, पण व्होल्टेज २.५ आरएमएस (मल्टिमीटर एसीला दाखवतो ते माप), म्हणजे शिखराला साडेतीन व्होल्ट. एकट्या ५ व्होल्टच्या सप्लायमध्ये शिखर कागदावरसुद्धा अडीच व्होल्टच्या वर जात नाही. इथे वेगळी वीजव्यवस्था लागणार, हे एवढ्या गणितातच ठरलं.

तिसरी जात प्लॅनर, म्हणजे सपाट पडद्याच्या हेडफोनची. ३२ ओहम आणि ९० डेसिबल प्रति मिलिवॅट असेल तर १०० मिलिवॅट हवेत. दर चॅनेलला शिखराला जवळजवळ ८० मिलिअँपिअर. असा हेडफोन असेल तर पहिला प्रकल्प म्हणून हा अँप बनवू नका. एखादा साधा बनवून हात बसला की मग बघा.

२. वीज: सगळा खेळ इथे आहे

यूएसबी २.० पोर्ट जोडणी झाल्याझाल्या १०० मिलिअँपिअर देतो. उपकरणाने ओळख सांगून मागितले तर ५०० पर्यंत. व्होल्टेज नावाला ५, पण हबच्या पलीकडे आणि लांब केबलच्या टोकाला ४.४ पर्यंत उतरलेलं चालतं असं मानकच म्हणतं. म्हणून निवडलेला प्रत्येक भाग ४.४ व्होल्टलाही चालतो का, हे डेटाशीटमध्ये पाहा.

दुसरी गोष्ट आवाजाची. फुल-स्पीड यूएसबीवर दर मिलिसेकंदाला एक फ्रेम जाते. तिच्या तालावर पोर्टमधून ओढली जाणारी वीज कमीजास्त होते, आणि हेडफोनमध्ये एक किलोहर्ट्झची बारीक शिटी ऐकू येते. हाय-स्पीड उपकरणात तीच आठ किलोहर्ट्झला येते. शिटी ऐकली की लोक ग्राउंड लूप (ग्राउंड दोन वाटांनी जोडला जाऊन होणारं वेटोळं) शोधत बसतात. अँपला फक्त यूएसबी आणि हेडफोनच जोडलेले असतील तर लूप व्हायला दुसरी वाटच नाही. शिटी सप्लायमधून येतेय. उपाय स्वस्त आहे. अँपच्या सप्लायमध्ये ४.७ ओहमचा एक रेझिस्टर आणि त्यापलीकडे २२० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा. हा फिल्टर साधारण १५० हर्ट्झपासून वरचं कापतो, त्यामुळे एक किलोहर्ट्झची शिटी सहापटीहून जास्त खाली जाते. ३० मिलिअँपिअरला रेझिस्टरवर फक्त ०.१४ व्होल्ट पडतात.

हा रेझिस्टर आणखी एका कारणाने हवा. यूएसबीच्या ५ व्होल्ट तारेवर थेट १० मायक्रोफॅरडपेक्षा जास्त कपॅसिटर लावायचा नाही, असा नियम आहे. ‘जितका मोठा तितका चांगला’ म्हणून १००० मायक्रोफॅरड लावला तर पिन घालताच तो झपकन करंट ओढतो, आणि काही पोर्ट सरळ बंद होतात. मोठे कपॅसिटर रेझिस्टरच्या पलीकडेच.

आता मुख्य सापळा. बहुतेक लोक चू मॉय यांच्या ‘सीमॉय’ अँपचं सर्किट पाहून सुरुवात करतात. पेपरमिंटच्या डबीत मावणारा, ९ व्होल्टच्या एका बॅटरीवर चालणारा हा अँप जगभर बनवला गेला आहे, आणि शिकायला खरंच उत्तम आहे. त्यात दोन रेझिस्टर आणि दोन कपॅसिटर लावून बॅटरीचा मध्यबिंदू काढतात आणि त्यालाच ग्राउंड मानतात, म्हणजे जिन्याच्या मधल्या पायरीला जमीन म्हणायचं. बॅटरी तरंगती असते, तिचं दुसरं टोक कशालाच बांधलेलं नसतं, म्हणून हे चालतं. तीच बॅटरी काढून तिथे यूएसबीचे ५ व्होल्ट दिले की घोटाळा होतो. डॅकचा ग्राउंड म्हणजे यूएसबीचा शून्य व्होल्ट, तुमच्या अँपचा ‘ग्राउंड’ त्याहून अडीच व्होल्ट वर, आणि ऑडिओ केबलची काळी तार दोघांना जोडते. झाला शॉर्ट. मध्यबिंदू काढायला रेझिस्टरऐवजी टीएलई २४२६ सारखी चिप लावली तरी फरक पडत नाही, ती फक्त तापते.

यातून बाहेर पडायचे मार्ग असे:

पहिला, कमी ओहमच्या हेडफोनसाठी: सरळ ५ व्होल्टचा एकेरी सप्लाय, आणि आउटपुटला मोठे कपॅसिटर. अडीच व्होल्टचा डीसी कपॅसिटर अडवतो, आणि ग्राउंड सगळीकडे एकच, खराखुरा राहतो. नवख्याने हाच मार्ग धरावा.

दुसरा, तोच अँप एका लिथियम सेलवर चालवायचा. सप्लाय एकदम शांत मिळतो आणि डॅकची वीज वेगळी राहते. सेलचं ऋण टोक आणि यूएसबीचा ग्राउंड एकच असल्यामुळे चार्जिंग सुरू असतानाही वरचा शॉर्ट होत नाही. चार्जिंगला सगळे टीपी ४०५६ चं मॉड्यूल घेतात. ते घेताना सेलसंरक्षणाची चिप असलेलंच घ्या, आणि त्यावरचा करंट ठरवणारा रेझिस्टर बघा. तो १.२ किलोओहमचा असतो, म्हणजे चार्जिंग एक अँपिअरने. ५०० मिलिअँपिअर-तासांच्या चपट्या सेलला हे दुप्पट झालं, आणि साध्या यूएसबी पोर्टलाही ते पेलणार नाही. तो काढून ५ किलोओहमचा लावला की करंट २५० वर येतो. आणि सेल आवाजासाठी नाही, आगीला घाबरून निवडा: जुन्या लॅपटॉपच्या पॅकमधून काढलेला, फुगलेला किंवा दाबला गेलेला सेल खिशातल्या वस्तूत घालायचा नाही.

तिसरा, २५० ते ३०० ओहमसाठी: ५ व्होल्टमधून ±५ व्होल्ट काढणारं छोटं आयसोलेटेड (इनपुट आणि आउटपुट आतून न जोडलेलं) मॉड्यूल, ए०५०५एस जातीचं. आकाराने बोटाच्या पेरापेक्षा लहान, पाय सरळ झिरो पीसीबीत बसतात. यातून खरे धन आणि ऋण सप्लाय मिळतात, त्यांच्या मधला बिंदू डॅकच्या ग्राउंडला बिनधास्त जोडता येतो, आणि आउटपुटला कपॅसिटर लागत नाही. ते रेग्युलेटेड नसतं, लोड अगदीच कमी असला तर व्होल्टेज वर चढतं, आणि त्याचं स्विचिंग आउटपुटमध्ये डोकावतं; म्हणून दोन्ही बाजूंना एकेक छोटा इंडक्टर किंवा ४.७ ओहम, आणि १०० मायक्रोफॅरड लावा.

९ व्होल्टची बॅटरी चौथा मार्ग आहे, चालतोही; फक्त त्या अँपमध्ये यूएसबीवरून चार्जिंग घालायचं नाही. चार्जर जोडला की बॅटरी तरंगती राहत नाही आणि वरचा सगळा घोटाळा मागच्या दाराने परत येतो. शिवाय सध्या मिळणाऱ्या, अंगावरच यूएसबी सॉकेट असलेल्या बऱ्याच ‘९ व्होल्ट’ लिथियम बॅटऱ्यांच्या पोटात बूस्ट कन्व्हर्टर, म्हणजे व्होल्टेज चढवणारं स्विचिंग सर्किट असतं. अँपला त्या नकोतच.

३. डॅक: साधा चालेल

पीसीएम २७०४. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या बर-ब्राउन घराण्यातली ही चिप १६ बिट आणि ४८ किलोहर्ट्झपर्यंतच जाते, पण विंडोज, मॅक, लिनक्स, अँड्रॉइड कुठेही ड्रायव्हर न घालता चालते. अँड्रॉइडवर यूएसबी ऑडिओ ५.० पासून, म्हणजे २०१४ पासून आहे. १९२ किलोहर्ट्झ आणि ३२ बिटच्या मागे लागलात तर यूएसबी ऑडिओ क्लास २ ची चिप, तिचे बारीक पाय आणि चार थरांचं पीसीबी हे सगळं एकदम अंगावर येतं. पहिल्या अँपमध्ये तुमच्या वायरिंगचा आवाजच या १६ बिटांच्या वर असेल.

चिप सुटी घेऊ नका, मॉड्यूल घ्या. सुट्या चिपच्या पायांमध्ये ०.६५ मिलिमीटरचं अंतर असतं, आणि तिच्याबरोबर १२ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल आणि आजूबाजूचा पसारा आला. मॉड्यूल घेतलं की तो भाग दुसऱ्याने करून ठेवलेला मिळतो.

या चिपचं पूर्ण आउटपुट ०.६ व्होल्टच्या थोडं वर आहे आणि ती ३२ ओहममध्ये १२ मिलिवॅट स्वतःच देते. वरचं पहिलं उदाहरण परत पाहा: त्या इयरफोनला दहाच मिलिवॅट हवे होते. म्हणजे हेडफोन ३२ ओहमचा आणि संवेदनशील असेल तर डॅकच्या पुढे अँपची गरज कदाचित नाहीच! मॉड्यूल आणा, थेट ऐका, समाधान झालं तर तिथेच थांबा. खळखळ न करता हे मान्य करणारे थोडे असतात.

एक पाय मात्र तपासा. पोर्टवरून वीज घेताना या चिपचा ‘होस्ट’ नावाचा पाय ती पोर्टकडे किती करंट मागते ते ठरवतो: वर बांधला तर ५००, खाली बांधला तर १०० मिलिअँपिअर. लॅपटॉपला दोन्ही चालतं. लाइटनिंग पोर्टचे आयफोन, आयपॅड आणि काही अँड्रॉइड फोन ५०० ची मागणी ऐकूनच उपकरण नाकारतात, प्रत्यक्षात ते ३० च ओढत असलं तरी. फोनवर वापरायचं असेल तर मॉड्यूलवर हा पाय कुठे गेलाय ते भिंग लावून पाहा.

४. गेन आणि व्हॉल्यूम पॉट

गेन म्हणजे हवं ते व्होल्टेज भागिले डॅकचं व्होल्टेज. २५० ओहमला २.५ भागिले ०.६४, म्हणजे चार. ३२ ओहमला एक पुरे. सीमॉयच्या मूळ सर्किटमध्ये गेन ११ आहे. तो जसाच्या तसा उचलला तर ०.६४ चे सात व्होल्ट करायचा प्रयत्न होतो, नॉब सुरुवातीला जरासा फिरवताच कान फाडतो, आणि डॅकचा खरखराट अकरापट होतो.

नॉब सुरुवातीलाच अडकून राहणं वाईट, कारण स्वस्त ड्युअल पॉटचे दोन भाग तिथेच एकमेकांशी जुळत नाहीत. आवाज एका कानाकडे झुकतो. गेन असा ठेवा की रोजच्या ऐकण्याला नॉब मध्यावर किंवा त्याच्या पुढे येईल.

पॉट १० किलोओहमचा, ड्युअल (दोन चॅनेलचा), लॉग (कानाला आवाज समान वाढतोय असं वाटेल असा; लिनिअर म्हणजे सरळ प्रमाणात बदलणारा). १०० किलोओहमचा घेतला तर खरखर आणि आजूबाजूचा गुणगुणाट वाढतो. दुकानदार ‘लॉगच आहे’ म्हणतो त्यावर विसंबू नका. अंगावर ‘ए१०के’ असेल तर बहुतेक लॉग, ‘बी१०के’ असेल तर लिनिअर. खात्री मल्टिमीटरने: नॉब बरोबर मध्यावर ठेवून मधला पाय आणि सुरुवातीच्या बाजूचा पाय यांच्यातला रोध मोजा. लिनिअरला पाच किलोओहम दिसतील, लॉगला दीड-दोनच्या आसपास. दोन्ही भागांचे आकडे शेजारी लिहा; फरक फार असेल तर दुसरा पॉट मागा. काउंटरवर मोजत उभं राहायला लाजायचं नाही. अल्प्सचा आरके०९७ हा छोटा पॉट खिशातल्या डबीला बरा, त्यात स्विचवालाही प्रकार मिळतो.

५. आता ऑपअँप

एकेरी ५ व्होल्ट किंवा लिथियम सेल असेल तर टीडीए १३०८. हेडफोनसाठीच बनवलेली आठ पायांची चिप, ३ ते ७ व्होल्टला चालते, ३२ ओहमला कमी पडत नाही. नाव मोठं नाही, चर्चाही होत नाही, पण या कामाला नेमकी.

±५ व्होल्ट असेल तर एनजेएम ४५५६ए. एक टोपणनावाने लिहिणाऱ्या अभियंत्याने २०११ साली ‘ओ२’ नावाचा अँप सगळ्यांसाठी खुला केला, त्याच्या आउटपुटला हीच चिप आहे. ७० मिलिअँपिअरपर्यंत देते. ±५ वर २५० ओहमला दोन-सव्वादोन व्होल्ट मिळतात, म्हणजे वरच्या ९६ डेसिबलच्या हेडफोनला १०८ च्या आसपास. ठरवलेल्या ११० पेक्षा दोन कमी, आणि ते दोन कोणालाही जाणवत नाहीत.

एनई ५५३२ ला ±५ हे किमान धरा. एकेरी ५ व्होल्टला तो अजिबात घालू नका. ओपीए २१३४ ±२.५ व्होल्टला सुरू होतो हे खरं, पण हेडफोनसारखा लोड जोडला की त्याचं आउटपुट सप्लायच्या बरंच आत थांबतं. ५ व्होल्टमध्ये मग हाताशी काही उरत नाही. ‘५ व्होल्टला चालतो’ आणि ‘५ व्होल्टमध्ये उपयोगाचं व्होल्टेज देतो’ या वेगळ्या गोष्टी आहेत. डेटाशीटमध्ये ‘आउटपुट स्विंग’ची ओळ शोधा, आणि ती किती ओहमच्या लोडला दिलीय तेही वाचा.

आठ पायांचं सॉकेट लावा, म्हणजे नंतर चिपा बदलून बघायची हौस भागवता येईल.

नकली चिपांबद्दल. ओपीए २१३४ संशयास्पद स्वस्त मिळाली तर वर घासून नवं नाव छापलेली ४५५८ ही स्वस्त चिप असू शकते. ऑसिलोस्कोप लागत नाही. चिप ब्रेडबोर्डवर ±५ व्होल्टला लावा, आउटपुट ऋण इनपुटला जोडा, आणि धन इनपुटपासून ग्राउंडला एक मेगाओहमचा रेझिस्टर लावा. आउटपुटचा डीसी मोजा. ओपीए २१३४ च्या इनपुटला एफईटी जातीचे ट्रान्झिस्टर असतात, तिथून करंट जवळजवळ वाहतच नाही, म्हणून दोन-चार मिलिव्होल्टच्या आत काहीतरी दिसेल. ४५५८ किंवा ५५३२ असेल तर तो आकडा वीसपासून दोनशे मिलिव्होल्टपर्यंत कुठेही जातो. टीएल ०७२ ला ही चाचणी पकडत नाही, तीही एफईटी. तिच्यासाठी सप्लायचा करंट मोजा. खरी ओपीए २१३४ दोन्ही भाग मिळून आठेक मिलिअँपिअर घेते, टीएल ०७२ तीनच्या आसपास.

६. कपॅसिटर

एकेरी सप्लायच्या अँपमध्ये बास कुठे कापला जाणार हे आउटपुटचा कपॅसिटर ठरवतो. १,५९,००० ला ओहम आणि मायक्रोफॅरड यांच्या गुणाकाराने भागा, हर्ट्झ मिळतील. ३२ ओहमला २२० मायक्रोफॅरड म्हणजे २३ हर्ट्झ, ४७० म्हणजे साडेदहा. १६ ओहमच्या इयरफोनला तोच २२० चा कपॅसिटर ४५ हर्ट्झला कापतो, आणि पखवाजाचा धुम पोकळ वाटायला लागतो. ४७० मायक्रोफॅरड, १० व्होल्टचे घ्या. धन टोक चिपकडे. प्रत्येक आउटपुटपासून ग्राउंडला एक किलोओहम लावा, म्हणजे कपॅसिटर आधीच भरलेला राहतो आणि जॅक घालताना ‘धप्’ कमी होतो.

सिग्नलच्या वाटेवर इनपुटला फिल्म कपॅसिटर, दुकानात ‘पॉलिस्टर’ किंवा ‘मायलर’ म्हणून मागा. पिवळट छोटे सिरॅमिक तिथे नकोत. व्होल्टेज बदललं की त्यांची किंमत बदलते, शिवाय डबीवर टिचकी मारली तर ती काही वेळा हेडफोनमध्ये ऐकू येते. सप्लायला मात्र ०.१ मायक्रोफॅरडचे सिरॅमिकच लावायचे, चिपच्या पायांना अगदी चिकटून.

आउटपुटमध्ये शॉर्टपासून बचाव म्हणून ४७ ओहमचा रेझिस्टर घालायची जुनी पद्धत आहे. घालू नका. अँपचा आउटपुट रोध हेडफोनच्या आठव्या भागापेक्षा कमी असावा; ३२ ओहमला चारच्या आत. बॅलन्स्ड आर्मेचर या प्रकारच्या चिमुकल्या ड्रायव्हरच्या इयरफोनमध्ये इम्पीडन्स फ्रिक्वेन्सीनुसार इतका बदलतो की ४७ ओहमने आवाजाचा रंगच पालटतो.

७. जॅक, सॉकेट, डबी

३.५ मिलिमीटरचा जॅक प्लॅस्टिक अंगाचा घ्या. यूएसबी-सी सॉकेट लावणार असाल तर त्याच्या सीसी१ आणि सीसी२ या दोन पायांना ग्राउंडकडे स्वतंत्र ५.१ किलोओहम हवेत. स्वस्त मॉड्यूलवर ते अनेकदा नसतात. मग ए-टू-सी केबलने चालतं, सी-टू-सी ने मढ्यासारखं पडून राहतं. दोन्हींना मिळून एकच रेझिस्टर लावणंही चूक. २०१९ मधल्या पहिल्या रास्पबेरी पाय ४ ला नेमकं हेच नडलं होतं, काही केबलींनी तो बोर्ड सुरूच होत नव्हता.

डबी पत्र्याची चांगली, बाहेरचा आवाज अडवते. आतून जाड पुठ्ठा किंवा कॅप्टॉन टेप (उष्णता सोसणारी इन्सुलेशन टेप) लावा. मध्यबिंदूवाल्या बॅटरी अँपमध्ये जॅकची बाही (ग्राउंडचा भाग) आणि बॅटरीचं टोक दोन्ही पत्र्याला टेकणार नाहीत याची खात्री करा. मोबाइलच्या अगदी जवळ ठेवणार असाल तर प्लॅस्टिकच्या डबीत टकटक ऐकू येण्याची तयारी ठेवा.

८. खरेदी

मुंबईत लॅमिंग्टन रोड, म्हणजे ग्रँट रोड स्टेशनजवळचा डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली. पॉट, जॅक, रेझिस्टर, डबी या गोष्टी हातात घेऊन घ्याव्यात. चिपा मात्र माउझर, डिजिकी, एलिमेंट१४ अशा अधिकृत वितरकांकडून मागवलेल्या बऱ्या. डिलिव्हरीचा खर्च बोचतो म्हणून दोघातिघांनी मिळून मागवा.

३२ ओहमच्या एकेरी सप्लायच्या अँपसाठी यादी:

- पीसीएम २७०४ मॉड्यूल
- टीडीए १३०८ आठ पायांची, आणि सॉकेट (एक जास्तीची घ्या)
- १० किलोओहम ड्युअल लॉग पॉट, नॉबसह
- ४७० मायक्रोफॅरड १० व्होल्ट, दोन. २२० मायक्रोफॅरड १० व्होल्ट, एक. १० मायक्रोफॅरड, दोन
- १ मायक्रोफॅरड फिल्म, दोन, ०.१ सिरॅमिक, चार
- एक टक्क्याचे मेटल फिल्म पाव वॅट रेझिस्टर: १० आणि २२ किलोओहम प्रत्येकी सहा, १ किलोओहम दोन, ४.७ ओहम दोन
- ३३ ओहम अर्धा वॅट, दोन (हे तपासणीसाठी)
- जॅक, झिरो पीसीबी, डबी

हत्यारं: २५ वॅटचं सोल्डरिंग आयर्न, ६०/४० ची बारीक सोल्डर वायर, फ्लक्स, डिसोल्डर विक, कटर, मल्टिमीटर, आणि मेला तरी चालेल असा एक जुना इयरफोन.

९. जोडण्याचा आणि तपासण्याचा क्रम

आधी फक्त सप्लाय जोडा, सॉकेट रिकामं ठेवा. पहिल्यांदा लॅपटॉपच्या पोर्टला लावू नका. फोनच्या चार्जरला किंवा पॉवर बँकेला लावा. चिपच्या जागी योग्य पायांवर साडेचार ते पाच व्होल्ट आले की वीज काढा आणि मग चिप बसवा.

हेडफोनऐवजी दोन्ही चॅनेलला ३३ ओहम लावा. आउटपुटचा डीसी मोजा. कपॅसिटरच्या अँपमध्ये तो काही सेकंदांत शून्याकडे जायला हवा. ±५ च्या अँपमध्ये २० मिलिव्होल्टच्या आत. त्याहून जास्त असेल तर हेडफोन जवळही आणू नका. एकूण करंट पाहा: चिप बोट ठेवता येत नाही इतकी तापत असेल आणि करंट शंभराच्या पुढे असेल तर ती आतल्या आत दोलायमान (ऑसिलेट) झाली आहे, आणि बहुतेक वेळा ०.१ चा सिरॅमिक चिपपासून लांब राहिलेला असतो.

मग डॅक लावा, संगणकाचा आवाज पूर्ण ठेवा. विंडोजमध्ये आवाज २४ डेसिबलने उतरवला तर १६ पैकी चार बिट वाया जातात. आवाज कमी करायला नॉब दिलाय. ४०० हर्ट्झचा साइन वाजवून ३३ ओहमवर एसी मोजा: स्वस्त मल्टिमीटर एवढ्या फ्रिक्वेन्सीपर्यंत बरोबर दाखवतात. नॉब पूर्ण असताना आकडा गणिताशी जुळला आणि दोन्ही चॅनेल सारखे आले की जुना इयरफोन लावा.

काहीही न वाजवता नॉब शून्यावर ठेवून ऐका, मग पूर्ण करून ऐका. शून्यावरही शिटी असेल तर ती सप्लायमधून येतेय, दुसऱ्या पायरीतला फिल्टर तपासा. नॉबबरोबर वाढत असेल तर ती डॅककडून येते. तिथे अँपच्या ग्राउंडची तार डॅकच्या ऑडिओ आउटपुटच्या ग्राउंडवरून काढलीय की यूएसबी सॉकेटजवळून, ते पाहा. अँपचा परतीचा करंट डॅकच्या बारीक ग्राउंड पट्टीतून जाऊ द्यायचा नाही, त्याला सॉकेटपर्यंत स्वतःची जाड तार द्या.

शेवटी फोन, ओटीजी केबलने. ‘उपकरणाला जास्त वीज लागते’ असा संदेश आला तर तिसऱ्या पायरीतला होस्ट पाय खाली बांधा, आणि अँप जोडल्यावरचा एकूण करंट खरोखर १०० मिलिअँपिअरच्या आत आहे हे मोजून घ्या.